आधी कर्ता, लगेच क्रियापद : मराठी डोक्याने इंग्रजी वाक्य लिहिताना

इंदूरमधल्या मराठी घरातलं पोरगं दिवसभरात तीन भाषांतून ये-जा करतं. घरी मराठी, रामबागेच्या कोपऱ्यावर पोहे-जलेबी घेताना हिंदी, आणि बँकेला मेल, नोकरीचा अर्ज, ऑफिसातला रिपोर्ट म्हटलं की इंग्रजी. तिसऱ्या भाषेत गाडी अडली की दोष शब्दांवर जातो, मग शब्दांच्या याद्या पाठ करणं सुरू होतं. शब्द बहुतेकांकडे पुरेसे असतात. अडतं ते वाक्याच्या ठेवणीत. मराठी आणि हिंदी या बाबतीत सख्ख्या बहिणी आहेत, दोघींत क्रियापद शेवटी येतं. आपला वाचक तिथपर्यंत निमूट थांबतो. इंग्रजी वाचकाला ती सवय नाही. कोणी काय केलं हे त्याला पहिल्या सात-आठ शब्दांत हवं असतं. तारीख, जागा, कारण, गैरसोय हे सगळं त्याच्या मागून.

तेव्हा इथे व्याकरणाची सगळी प्रकरणं नाहीत. मराठीची कोणती सवय इंग्रजीत कुठे नडते आणि ती तिथल्या तिथे कशी सोडवायची, एवढंच आहे.

एक पत्र सुटं करू या

चेकबुक न मिळाल्याची तक्रार घ्या. मनात ती साधारण अशी जुळते:

‘मी दि. ५ जून रोजी आपल्या शाखेत येऊन, चेकबुकसाठी फॉर्म भरून, पावती घेऊन गेलो असतानाही आजतागायत चेकबुक न मिळाल्याने माझी गैरसोय होत असून, तरी आपण याबाबत लक्ष घालावे ही विनंती.’

मराठीत हे चालतं. कार्यालयीन वळणाचं आहे, पण कळतं. हेच शब्दाला शब्द लावून उतरवलं की असं होतं:

‘आय, हॅविंग कम टू युवर ब्रँच ऑन ५ जून अँड हॅविंग फिल्ड द फॉर्म अँड हॅविंग टेकन द रिसीट, टिल डेट चेकबुक इज नॉट रिसीव्ह्ड, ड्यू टू व्हिच आय ॲम फेसिंग इनकन्व्हिनियन्स, सो काइंडली डू द नीडफुल.’

यात पहिल्या ‘आय’ला क्रियापदच मिळालेलं नाही. तो वाक्याच्या दारात उभा राहतो, मधेच चेकबुक कर्ता होऊन बसतं, आणि ‘आय’ला पुढे कुणी विचारत नाही. दुरुस्ती इंग्रजीत करत बसू नका, मराठीतच करा.

आधी मराठी वाक्यातल्या सगळ्या क्रिया मोजा: येऊन, भरून, घेऊन गेलो, न मिळाल्याने, होत असून, लक्ष घालावे. सहा झाल्या. आता बँकेला कोणत्या नकोत ते पाहा. फॉर्म शाखेत भरला म्हणजे शाखेत गेलोच होतो, ‘येऊन’ गेलं. पावती नेली हे महत्त्वाचं नाही, पावतीचा नंबर महत्त्वाचा. ‘गैरसोय’ काय झाली ते सांगणार नसाल तर तोही शब्द गेला. उरलेल्या प्रत्येक क्रियेला विचारा, ‘कोणी?’ उत्तर मिळालं की कर्ता मिळाला. मग एका क्रियेला एक वाक्य:

‘आय अप्लाइड फॉर ए चेकबुक ॲट युवर ब्रँच ऑन ५ जून. द रिसीट नंबर इज ४१७. आय हॅव नॉट येट रिसीव्ह्ड द चेकबुक. प्लीज सेंड इट टू माय रजिस्टर्ड ॲड्रेस बाय २० जून.’

अकरा, पाच, सात आणि दहा शब्द. शेवटच्या वाक्याकडे जरा निरखून पाहा. ‘डू द नीडफुल’ म्हणजे नेमकं काय करायचं, ते समोरच्यावर सोडून दिलेलं असतं, आणि समोरचा ते खुशाल विसरतो. काय करायचं, कुठे पाठवायचं आणि कधीपर्यंत, हे तिन्ही लिहिलं की टाळायला जागा राहत नाही.

वाक्य किती लांब चालेल? ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळाची लेखन-नियमावली २५ शब्दांच्या आत राहायला सांगते. सरासरी १५ ठेवली तर उत्तम. सगळीच वाक्यं पाच-सहा शब्दांची केलीत तर पत्र तारेसारखं तुटक वाटतं, म्हणून मधूनच एखादं वीस शब्दांचं येऊ द्या. फक्त त्यात कर्ता आणि क्रियापद जवळजवळ हवेत.

‘करणे’ काढून टाका

मराठीत आपण चर्चा करतो, विनंती करतो, चौकशी करतो, मदत करतो. नाम पुढे, ‘करणे’ मागे. म्हणून इंग्रजीत ‘वी डिड द डिस्कशन’, ‘आय मेड ए रिक्वेस्ट’, ‘दे डिड द चेकिंग’ असं निघतं. इंग्रजीत या क्रिया बहुधा एकट्या क्रियापदात मावतात: ‘वी डिस्कस्ड’, ‘आय रिक्वेस्टेड’, ‘दे चेक्ड’. रिपोर्ट लिहून झाला की ‘डिड’, ‘मेड’ आणि ‘डन’ शोधा. त्यांच्या मागे-पुढे लपलेलं खरं क्रियापद बाहेर काढलं की वाक्य आपोआप दोन-तीन शब्दांनी आखूड होतं.

याचं भावंड म्हणजे ‘कळविण्यात येते की’. त्यातूनच ‘इट इज टू इन्फॉर्म यू दॅट’ जन्माला येतं. कळवतंय कोण? सोसायटी असेल तर ‘द सोसायटी विल क्लोज द मेन गेट ॲट इलेव्हन’ एवढं पुरे, कळवण्याचं कळवायला नको. कर्ता ठाऊकच नसेल तिथे मात्र कर्मणी रूप हवंच. बाइक चोरीला गेली तर ‘माय बाइक वॉज स्टोलन’ हेच बरोबर, कारण चोराचं नाव तुम्हाला कुठे माहीत आहे?

जोडगोळीतला एकच ठेवा

जो-तो, जेव्हा-तेव्हा, जरी-तरी, जर-तर. मराठी वाक्याचे हे बैल जोडीनेच चालतात, एक सोडला तर गाडी कलते. इंग्रजीत एकाच बैलाची गाडी असते.

‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट टू सराफा.’ इथे ‘जरी’ आणि ‘तरी’ दोन्ही आले. ‘ऑल्दो’ ठेवा किंवा ‘बट’ ठेवा. ‘बिकॉज द बस वॉज लेट, सो आय मिस्ड द इंटरव्ह्यू’ यातही तेच, एक काढा. ‘जर-तर’ मात्र थोडं सैल आहे, ‘इफ’नंतर ‘देन’ आला तर चूक नाही, पण बहुतेक वेळा त्याची गरज नसते.

‘जो-तो’ सगळ्यात फसवा. ‘द शॉप व्हिच इज निअर राजवाडा, इट सेल्स गुड नमकीन.’ मराठीत ‘जे दुकान राजवाड्याजवळ आहे, ते’ असं म्हणावंच लागतं. इंग्रजीत ‘इट’ हा फुकटचा दुसरा कर्ता. ‘द शॉप निअर राजवाडा सेल्स गुड नमकीन.’ ‘व्हिच इज’ही गळून पडलं, कुणाला चुकल्यासारखं वाटलं नाही.

‘-ऊन’ आणि ‘-ताना’ यांत इंग्रजी एकाचीच बाजू घेतं

‘पोहे खाऊन मी निघालो.’ खाणारा आणि निघणारा एकच. ‘-ऊन’ला कर्ता सारखा लागतो. ‘पोहे खाताना पाऊस आला.’ खाणारे आपण, आला पाऊस. ‘-ताना’ला कर्ता वेगळा चालतो.

इंग्रजीत वाक्याच्या सुरुवातीला ‘-इंग’ लावून तुकडा ठेवला की तो ‘-ऊन’सारखा वागतो. म्हणून ‘वॉकिंग टू राजवाडा, द रेन स्टार्टेड’ याचा अर्थ पाऊसच राजवाड्याकडे चालत निघाला असा होतो. मराठीत मनात ‘चालताना’ असेल तर ‘-इंग’ला सुरुवातीला एकटं सोडू नका, त्याला त्याचा कर्ता द्या: ‘व्हाइल वी वेअर वॉकिंग टू राजवाडा, इट स्टार्टेड टू रेन.’ बायोडेटात ही चूक फार दिसते. ‘वर्किंग इन सेल्स फॉर फाइव्ह इयर्स, माय टार्गेट्स वेअर ऑल्वेज मेट.’ सेल्समध्ये काम टार्गेट्सनी केलेलं नाही. ‘वर्किंग इन सेल्स फॉर फाइव्ह इयर्स, आय मेट एव्हरी टार्गेट.’

काळ : होतो, पासून, राहिलोय

काळाच्या बऱ्याचशा चुका या तीन शब्दांतून येतात.

‘मी काल बँकेत गेलो होतो.’ हिंदीतही ‘गया था’. या ‘होतो’चा थेट ‘हॅड’ होतो: ‘आय हॅड गॉन टू द बँक यस्टर्डे.’ मराठीत ‘गेलो होतो’ म्हणजे साधी झालेली गोष्ट. इंग्रजीत ‘हॅड’ ऐकला की वाचक दुसऱ्या गोष्टीची वाट पाहतो: आधी हे झालं होतं, मग काय झालं? दुसरी गोष्ट नसेल तर ‘आय वेंट टू द बँक यस्टर्डे’. असेल तर ‘हॅड’ आधीच्या घटनेला: ‘व्हेन आय रीच्ड द बँक, द काउंटर हॅड क्लोज्ड.’

‘हॅव’चा नियम याहून सोपा. वाक्यात संपून गेलेली वेळ लिहिली असेल, म्हणजे काल, परवा, ५ जून, २०१९, तर ‘हॅव’ येणार नाही. ‘आय हॅव सबमिटेड द फॉर्म ऑन ५ जून’ चूक. तारीख हवी असेल तर ‘आय सबमिटेड द फॉर्म ऑन ५ जून’. तारीख नको, काम झालंय एवढंच सांगायचं असेल तर ‘आय हॅव सबमिटेड द फॉर्म’. वरच्या चेकबुकच्या पत्रात दोन्ही आहेत. ५ जूनला अर्ज केला, तिथे साधा भूतकाळ. चेकबुक अजून आलेलं नाही, तिथे ‘हॅव’.

‘मी दहा वर्षांपासून इंदूरमध्ये राहतोय.’ यातून ‘आय ॲम लिव्हिंग इन इंदूर सिन्स टेन इयर्स’ निघतं. दोन चुका आहेत, आणि दोन्ही ‘पासून’च्या पोटातल्या. मराठीत ‘२०१५पासून’ आणि ‘दहा वर्षांपासून’ दोन्हींना एकच प्रत्यय. इंग्रजीत सुरुवातीच्या बिंदूला ‘सिन्स’, कालावधीला ‘फॉर’. शिवाय मागून सुरू होऊन आजपर्यंत चाललेल्या गोष्टीला ‘ॲम’ पुरत नाही, ‘हॅव’ लागतो: ‘आय हॅव लिव्ड इन इंदूर फॉर टेन इयर्स’ किंवा ‘सिन्स २०१५’. ‘सिन्स लास्ट टेन इयर्स’ हा तर दोघांचा खिचडा.

राहता राहिलं ‘राहिलोय’. हिंदीच्या संगतीने आपल्याकडच्या मराठीत ‘मी करून राहिलोय’ रुळलंय. पुण्याचे पाहुणे हसले तर हसू देत. पण त्याची सावली इंग्रजीवर पडली की ‘आय ॲम हॅविंग टू अकाउंट्स’, ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ असं होतं. नो, हॅव, वाँट, नीड, अंडरस्टँड, बिलाँग, ओन, कॉस्ट ही क्रियापदं स्थिती सांगतात, चालू असलेलं काम सांगत नाहीत, म्हणून त्यांना सहसा ‘-इंग’ लागत नाही. ‘आय हॅव टू अकाउंट्स.’ ‘हॅव’चा अर्थ ‘जेवणे’ असेल तेव्हा मात्र ते काम होतं, मग ‘वी आर हॅविंग लंच’ बरोबर.

‘ला’ सगळीकडे ‘टू’ नसतो

मला सांगा, मला समजवा, मला कळवा, मला उत्तर द्या. मराठीत एका ‘ला’वर भागतं. इंग्रजीत प्रत्येक क्रियापदाचं शेपूट वेगळं.

टेल, इन्फॉर्म, आस्क, कॉन्टॅक्ट, रीच, एंटर यांच्यापुढे माणूस किंवा जागा थेट येते: ‘टेल मी’, ‘इन्फॉर्म द मॅनेजर’, ‘वी रीच्ड भोपाळ’. से, एक्स्प्लेन, रिप्लाय, लिसन, अपॉलजाइज यांना माणसाआधी ‘टू’ हवा: ‘एक्स्प्लेन द रूल टू मी’, ‘रिप्लाय टू द मेल’. ‘एक्स्प्लेन मी’ आणि ‘ही टोल्ड टू मी’ या एकाच गोंधळाच्या दोन बाजू. ‘ही टोल्ड दॅट’ हेही अर्धवट, कारण ‘टेल’ला माणूस लागतोच: ‘ही टोल्ड मी दॅट’. माणूस सांगायचा नसेल तर ‘ही सेड दॅट’.

डिस्कस, ऑर्डर आणि रिक्वेस्ट यांची गंमत वेगळी आहे. नाम असताना त्यांना शेपूट असतं, क्रियापद झाले की नसतं. ‘ए डिस्कशन अबाउट सॅलरी’, पण ‘वी डिस्कस्ड सॅलरी’. ‘ॲन ऑर्डर फॉर टेन चेअर्स’, पण ‘वी ऑर्डर्ड टेन चेअर्स’. ‘ए रिक्वेस्ट फॉर लीव्ह’, पण ‘आय रिक्वेस्टेड लीव्ह’. नामाचं शेपूट क्रियापदाला चिकटतं आणि ‘डिस्कस अबाउट’ तयार होतं. यावर उपाय एकच: वहीत शब्द एकटा टिपू नका. ‘एक्स्प्लेन : समजावणे’ असं न लिहिता ‘एक्स्प्लेन समथिंग टू समवन’ अशी अख्खी ओळ टिपा.

ए, ॲन, द

मराठीत आर्टिकल नाही म्हणून ते एकतर गळतं, नाहीतर धाकाने जिथे तिथे शिंपडलं जातं.

‘ए’ की ‘ॲन’ हे देवनागरीच सांगते. शब्द देवनागरीत लिहा आणि पहिलं अक्षर पाहा. स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘ए’. अवर, ऑनेस्ट, एमबीए, एफआयआर: सगळे स्वराने सुरू, म्हणून ‘ॲन अवर’, ‘ॲन एफआयआर’. युनिव्हर्सिटी, यूपीआय, वन-वे: य आणि व आले, म्हणून ‘ए युनिव्हर्सिटी’, ‘ए यूपीआय पेमेंट’, ‘ए वन-वे रोड’. रोमन स्पेलिंगकडे बघून ठरवणारा हमखास फसतो, आपल्याला ती अडचण नाही.

‘ए’ की ‘द’ हे ठरवायला वाचकाच्या जागी बसा. शब्द ऐकून वाचक ‘कोणता?’ विचारेल का? विचारणार असेल आणि त्याचं उत्तर त्याला माहीत नसेल तर ‘ए’. त्याला कोणता ते ठाऊक असेल, आधी उल्लेख झाला म्हणून किंवा तो एकच आहे म्हणून, तर ‘द’. पत्रात आधी ‘ए चेकबुक’ होतं, तिसऱ्या वाक्यात ‘द चेकबुक’ झालं, ते यामुळेच.

शहर, रस्ता आणि माणसाच्या नावाला ‘द’ नाही: इंदूर, एम. जी. रोड. नदी आणि पर्वतरांगेला आहे: ‘द नर्मदा’, ‘द विंध्याज’. अख्ख्या घराण्यालाही: ‘द होळकर्स’.

इन्फर्मेशन, ॲडव्हाइस, फर्निचर, लगेज, इक्विपमेंट, फीडबॅक यांना ‘ए’ही नाही आणि शेवटी ‘स’ही नाही. मराठीत ‘माहित्या’ कुणी म्हणत नाही, तसंच ‘इन्फर्मेशन्स’ नको. ‘सल्ला’चं मात्र ‘सल्ले’ होतं, म्हणून ‘ॲडव्हायसेस’ तोंडात येतं. ‘सम ॲडव्हाइस’ किंवा ‘ए पीस ऑफ ॲडव्हाइस’.

किरकोळ, पण रोजच्या

‘की’नंतर प्रश्न आला तरी इंग्रजीत आता तो प्रश्न राहत नाही, म्हणून शब्दक्रम साधा: ‘आय डोंट नो व्हेअर ही इज’, ‘व्हेअर इज ही’ नाही. ‘च’साठी ‘ओन्ली’ लावू नका. ‘आय लिव्ह इन इंदूर ओन्ली’ ऐकून बाहेरच्या माणसाला वाटतं, कधी वेशीबाहेर गेलेलाच नाही. ‘वन ऑफ माय फ्रेंड’ लिहिताना मराठी आठवा, आपण ‘मित्रांपैकी एक’ म्हणतो, ‘मित्रापैकी एक’ कधीच नाही. ‘फ्रेंड्स’ हवं, आणि क्रियापद ‘वन’च्या मागे: ‘वन ऑफ माय फ्रेंड्स वर्क्स इन देवास.’

स्वल्पविरामाने दोन पुरी वाक्यं जोडता येत नाहीत. ‘द लिफ्ट इज नॉट वर्किंग, वी कॉल्ड द मेकॅनिक, ही डिड नॉट कम.’ ही तीन वाक्यं आहेत. ‘द लिफ्ट इज नॉट वर्किंग. वी कॉल्ड द मेकॅनिक, बट ही डिड नॉट कम.’ जुन्या दरबारी कागदांची मोडी पाहिली तर तिच्यात विरामचिन्हंच नव्हती, शब्दही सुटे लिहीत नसत. मराठीत ती चिन्हं एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांच्या खटपटीने रुळली. तरी आपला हात अजून पूर्णविराम द्यायला कचरतोच. बिनधास्त द्या.

तपासताना

कागदावर काढा, पडद्यावर डोळा घसरतो. प्रत्येक वाक्यातल्या मुख्य क्रियापदाखाली रेघ मारा, कर्त्याला गोल करा. दोघांच्या मधे पाच-सहा शब्द असतील तर मधला मजकूर उचलून शेवटी टाका. क्रियापद सापडलंच नाही तर ते वाक्य नाही. एका वाक्यात तीनहून जास्त रेघा पडल्या तर तोडा. मग मोठ्याने वाचा. जिथे श्वास पुरत नाही तिथे पूर्णविराम.

फोनमधलं किंवा संगणकातलं तपासणीस सॉफ्टवेअर गळलेला ‘स’ आणि चुकलेलं स्पेलिंग दाखवतं, ते वापरा. पण व्याकरणात बसणारं आणि अर्थात फसलेलं वाक्य त्याच्या हातून सुटू शकतं. ‘पर्यंत’ हा शब्द असाच निसटतो. मराठीत ‘सोमवारपर्यंत फॉर्म पाठवतो’ आणि ‘सोमवारपर्यंत दुकान बंद आहे’ दोन्हींत एकच ‘पर्यंत’. इंग्रजीत मुदतीला ‘बाय’, सतत चालणाऱ्या गोष्टीला ‘टिल’ किंवा ‘अंटिल’. ‘द शॉप इज क्लोज्ड टिल मंडे’ ठीक. पण ‘आय विल सेंड द फॉर्म टिल मंडे’ लिहिलंत, तर समोरचा सोमवार उजाडेपर्यंत रोज एक फॉर्म येण्याची वाट पाहत बसेल.